उंदरांनी ऑर्गन खरंच कुरतडला होता का? नाताळच्या गाण्यांमागच्या खऱ्या-खोट्या गोष्टी

प्रश्न असा आहे की पॅरिशच्या नाताळ कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मधे निवेदन करायचंय, आणि नेटवर शोधलं तर प्रत्येक कॅरोलमागे, म्हणजे नाताळच्या गाण्यामागे, एकेक भारी गोष्ट सापडते. सायलेंट नाइटच्या वेळी उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला होता, ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस हे छळाच्या काळातलं कॅथलिकांचं गुप्त धर्मशिक्षण होतं, वगैरे. तर यातलं खरं किती आणि माइकवरून बेधडक काय सांगता येईल? शिवाय जिंगल बेल्स चर्चमधे गावं की नाही?

मी वसईकडे चर्चचा क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा गट, बरीच वर्षं सांभाळतोय आणि ही निवेदनं लिहिणं दर डिसेंबरला माझ्याच गळ्यात पडतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. उंदीर खोटे, गुप्त धर्मशिक्षणही खोटं. पण निवेदन कोरडं पडेल ही काळजी सोडा, खऱ्या गोष्टी यांच्यापेक्षा रंगतदार आहेत.

एक खूण लक्षात ठेवा. दंतकथा गाण्याला नेहमी एकच जन्म देते, एक रात्र, एक संकट, एक फादर आणि झालं अजरामर गाणं तयार. प्रत्यक्षात बहुतेक कॅरोलचे शब्द एका देशातले, चाल दुसऱ्या देशातली, दोन्हींत कधीकधी दीड-दोनशे वर्षांचं अंतर, आणि जोडणारा तिसराच कोणीतरी. आपल्याला हे काही नवं नाही, संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदावर 'चाल: अमुक' असं लिहिलेलं असायचंच की. कॅरोलचंही तेच. त्यामुळे जी गोष्ट फारच सुटसुटीत वाटते तिच्यावर आधी संशय घ्यायचा.

आता सायलेंट नाइट. सगळ्यात जास्त भेसळ याच गोष्टीत झालीय, आणि गंमत म्हणजे एका रात्रीत जन्मलेलं गाणं म्हणावं असं हेच एक आहे, तेही अर्धंच! योझेफ मोर नावाचा तरुण सहायक धर्मगुरू १८१६ साली ऑस्ट्रियातल्या मारियाफार गावात होता, तिथे त्याने सहा कडव्यांची कविता लिहिली. काळ कसला होता बघा, नेपोलियनच्या लढाया नुकत्याच संपलेल्या, साल्झबुर्गचा मुलूख या हातातून त्या हातात जाऊन शेवटी ऑस्ट्रियाकडे आलेला, आणि त्यात आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटल्यामुळे १८१६ मधे युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, लोक उपाशी. त्या कवितेच्या चौथ्या कडव्यात येशू जगातल्या सगळ्या लोकांना भाऊ म्हणून कवेत घेतो असं आहे. ते कडवं आज कोणी गात नाही. आपण गातो ती तीन कडवी म्हणजे मूळची पहिलं, सहावं आणि दुसरं, त्याच क्रमाने.

पुढे मोरची बदली ओबेर्नडोर्फला झाली. साल्झाख नदीकाठचं मिठाच्या होड्या चालवणाऱ्यांचं गाव, आणि १८१६ मधे नव्या सरहद्दीने नदीपलीकडच्या लाउफेनपासून ते तोडलं गेलेलं. २४ डिसेंबर १८१८ ला मोरने ती कविता फ्रांत्स झेवर ग्रूबरकडे दिली. ग्रूबर शेजारच्या आर्न्सडोर्फमधे शाळामास्तर आणि ओबेर्नडोर्फच्या चर्चमधे ऑर्गन वाजवायचा. मोरची मागणी अशी की दोन सोलो आवाज, क्वायर आणि साथीला गिटार, यासाठी चाल हवी. ग्रूबरने त्याच संध्याकाळी चाल आणून दिली आणि त्याच रात्री दोघांनी ती गायली, वरच्या आवाजातला टेनर आणि गिटार मोरकडे, खालचा बास ग्रूबरकडे.

हे आपल्याला इतकं नीट माहीत आहे कारण १८५४ मधे बर्लिनच्या राजदरबाराच्या वाद्यवृंदाकडून साल्झबुर्गला विचारणा आली की हे गाणं मिखाएल हायडन या संगीतकाराचं आहे का. तोपर्यंत गाणं सगळीकडे पोचलेलं आणि कर्ते पार विसरलेले. त्यावर म्हाताऱ्या ग्रूबरने ३० डिसेंबर १८५४ ला स्वतः हकीकत लिहून दिली. त्यात उंदीर नाहीत, ऑर्गन बंद पडल्याचं एक अक्षर नाही. ऑर्गनची अवस्था धड नव्हती हे खरं, पुढे काही वर्षांनी तिथे नवा बसवला, पण गिटार का घेतली याचं कारण ग्रूबर देतच नाही. उंदीर खूप नंतरच्या छापील गोष्टींमधून शिरले आणि मग काही बाहेर निघाले नाहीत.

याच प्रकरणात नंतर भर पडली ती १९९५ मधे. मोरच्या स्वतःच्या हातची स्वरलिपी सापडली, गिटारच्या साथीसकट, त्यावर शब्द मोरचे, साल १८१६, चाल ग्रूबरची असं स्पष्ट लिहिलेलं. तोवर सगळे कविताही १८१८ चीच धरून चालले होते. म्हणजे एका रात्रीचं म्हणून गाजलेल्या गाण्याचे शब्द त्या रात्रीच्या दोन वर्षं आधीचे निघाले.

गाणं जगभर गेलं कसं, तर ऑर्गन दुरुस्त करणारा कार्ल माउराखर ओबेर्नडोर्फला आलेला, त्याने एक प्रत आपल्या झिलरटाल खोऱ्यात नेली. तिथे श्ट्रासर आणि राइनर अशी गाणारी घराणी होती, श्ट्रासर मंडळी जत्रांमधे हातमोजे विकायची आणि सोबत गायची, त्यांनी ते १८३० च्या आसपास लाइपझिगला नेलं, आणि राइनरांनी १८३९ मधे न्यूयॉर्कला. वाटेत चालीचे काही सूर बदलले ते बदललेच, आज आपण गातो ती चाल हुबेहूब ग्रूबरची नाही. १९१४ च्या नाताळात फ्लँडर्सच्या खंदकांमधे जर्मन सैनिकांनी हे गायलं आणि समोरून इंग्रज शिपायांनीही आपली गाणी म्हटली, ही मात्र दंतकथा नाही, सैनिकांच्या पत्रांत आणि डायऱ्यांमधे आहे. फक्त 'एका गाण्याने युद्ध थांबलं' असं म्हणू नका, युद्ध पुढे चार वर्षं चाललं आणि काही ठिकाणी त्या दिवशीसुद्धा गोळीबार सुरूच होता.

अजून एक तुकडा, निवेदनात घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मोर १८४८ मधे वाग्राइनला वारला, त्याचं एकही चित्र नाही. पुढे एका शिल्पकाराला त्याचा चेहरा घडवायचा होता म्हणून त्याची कवटी उकरून काढली, आणि पुरामुळे खिळखिळं झालेलं ओबेर्नडोर्फचं जुनं चर्च पाडून त्या जागी जे छोटं चॅपेल बांधलं त्याच्या भिंतीत ती बसवली. आजही तिथेच आहे. मी हे एकदा सांगितलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या मावश्यांनी क्रूसाची खूण केली, त्यामुळे मिडनाइट मासला सांगू नका.

गाणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की मूळ चाल सहा-आठच्या मात्रेत आहे, पाळणा झुलवल्यासारखी. आपल्याकडे ती इतकी ओढतात की दुसऱ्या ओळीतच वरच्या आवाजात गाणाऱ्या सोप्रानोंचा श्वास संपतो आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत अख्खा क्वायर अर्धा सूर खाली. एकदा ऑर्गन बंद ठेवून नुसत्या गिटारवर, डी मेजरमधे, दोन आवाजांत गाऊन बघा आणि क्वायरला प्रत्येक कडव्याच्या फक्त शेवटच्या ओळी उचलू द्या, मूळ रचना तशीच आहे. लय आपोआप सुटते.

ट्वेल्व्ह डेजबद्दल. गोष्ट अशी फिरते की इंग्लंडमधे कॅथलिक धर्मावर बंदी होती तेव्हा मुलांना धर्म शिकवायला हे सांकेतिक गाणं रचलं, तितर पक्षी म्हणजे येशू, दोन कबुतरं म्हणजे जुना आणि नवा करार, चार पक्षी म्हणजे चार शुभवर्तमानं. ही कल्पना पहिल्यांदा मांडली ती १९७९ मधे, कॅनडातल्या ह्यू मॅककेलर यांच्या एका लेखात, आणि नंतर इंटरनेटने ती डोक्यावर घेतली. जुना कसलाच पुरावा नाही. त्याहून साधी अडचण म्हणजे त्या यादीतली एकही गोष्ट प्रोटेस्टंटांना नामंजूर नव्हती. दोन करार, चार शुभवर्तमानं, दहा आज्ञा हे अँग्लिकन चर्चमधे उघड शिकवत होतेच, मग लपवायचं काय आणि कोणापासून? लपवायचं असतं तर पोप, मिस्सा म्हणजे कॅथलिक उपासना, मरियेची भक्ती हे लपवलं असतं, आणि त्यातलं यादीत काहीच नाही. १७८० च्या सुमाराला लंडनमधे मुलांच्या एका पुस्तकात हे पहिल्यांदा छापलं गेलं ते चक्क स्मरणशक्तीच्या खेळाचं गाणं म्हणून, एकाने म्हणायचं, पुढच्याने एक वस्तू वाढवून म्हणायचं, चुकला की दंड. आणि आपण सगळे ती पाच अंगठ्यांची ओळ छाती फुगवून लांबवतो ना, तिची ती चाल १९०९ मधे फ्रेडरिक ऑस्टिन या गायकाने घातलेली.

पण छळाच्या काळातला खरा इंग्रज कॅथलिक दाखवायचाच असेल तर आपल्याकडे एकदम पक्का माणूस आहे आणि मला दरवर्षी आश्चर्य वाटतं की आपलेच लोक त्याला निवेदनात घेत नाहीत. थॉमस स्टीफन्स. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमधला, विल्टशरचा. मित्राबरोबर रोमला जायचा बेत होता, तो मित्र थॉमस पाउंड पकडला गेला आणि वर्षानुवर्षं तुरुंगात पडला, स्टीफन्स निसटला, रोमला जाऊन जेजुइट या कॅथलिक धर्मसंघात गेला, आणि १५७९ मधे लिस्बनहून जहाजाने निघून ऑक्टोबरात गोव्याला उतरला. आयुष्याची उरलेली चाळीस वर्षं इकडेच, बहुतेक गोव्यातल्या सासष्टीत. मराठी शिकला, कोकणी शिकला, आणि नव्या ख्रिस्ती लोकांनी जुन्या पुराणांच्या जागी वाचायला काहीतरी द्या म्हणून धोशा लावला तेव्हा त्याने सुमारे ११ हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ मधे रायतूरला छापलं गेलं, मराठी ओवी पण रोमन लिपीत. त्यातला ख्रिस्तजन्माचा भाग देवळात मोठ्याने वाचला जायचा. म्हणजे आपल्या भाषेत नाताळ गाण्याची परंपरा सायलेंट नाइटपेक्षा दोनशे वर्षं जुनी आहे! मी कार्यक्रमात त्यातल्या चार ओव्या घेतो, कोणा आजीकडून, साध्या जात्यावरच्या ओवीच्या ढंगात, साथ काहीच नाही. हॉल शांत होतो, आणि नंतर सगळे विचारायला येतात की हे कुठून आणलं. प्रोटेस्टंट मंडळींकडे अर्थात रेव्हरंड नारायण वामन टिळक आहेतच, १८९५ मधे मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, त्यांनी अभंग, भजन, कीर्तन सगळं उपासनेत आणलं, आणि त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन पुढे लक्ष्मीबाईंनी नेटाने पुरं केलं.

आता जोडलेली गाणी. हार्क द हेरल्ड एंजल्स सिंग घ्या, याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. चार्ल्स वेस्लीने १७३९ मधे शब्द लिहिले, पहिली ओळ वेगळीच होती, आजची ओळ १७५३ मधे जॉर्ज व्हाइटफील्डने घातली. शब्द तयार, पण आजची चाल अजून शंभर वर्षं लांब. १८४० मधे लाइपझिगला छपाईच्या शोधाची ४०० वर्षं साजरी होत होती, त्यासाठी मेंडेल्सझोन या जर्मन संगीतकाराने पुरुषांचा क्वायर आणि पितळी वाद्यं घेऊन एक रचना केली, छपाई शोधणाऱ्या गुटेनबर्गचा गौरव करणारी, त्यात देवदूतही नाहीत आणि गोठाही नाही. त्याला स्वतःला वाटायचं की या चालीला इंग्रजी शब्द बसवले तर लोकांना आवडेल, पण शब्द धार्मिक मात्र नकोत, ते जमायचं नाही, असं त्याने १८४३ मधे प्रकाशकाला लिहिलंय. १८४७ मधे तो गेला. आणि १८५५ मधे वॉल्थम अ‍ॅबीचा तरुण ऑर्गनिस्ट विल्यम कमिंग्ज, जो लहानपणी मेंडेल्सझोनच्याच हाताखाली क्वायरमधे गायला होता, त्याने नेमकं तेच केलं. बिचाऱ्या मेंडेल्सझोनचं कोणी ऐकलं नाही आणि आपलं भलं झालं. फक्त चाल मुळात तुतारी-ट्रॉम्बोनची आहे हे गाताना जाणवतं, तिसऱ्या ओळीपासून ती चढतच जाते आणि हौशी टेनर तिथे ओरडायला लागतात. एक सूर खाली घ्या, लाजू नका.

जॉय टू द वर्ल्ड तर नाताळचं गाणंच नव्हतं. आयझॅक वॉट्सने १७१९ मधे ९८ व्या स्तोत्रावरून ते लिहिलं, विषय प्रभूचं राज्य येणं, त्यात मेंढपाळ नाहीत, बेथलेहेम नाही, मरिया नाही. चाल १८३० च्या दशकात अमेरिकेत लोवेल मेसनने दिली आणि खाली 'हँडेलवरून' असं लिहून मोकळा झाला. सुरुवातीचे सूर हँडेल या संगीतकाराच्या मसाया या रचनेतल्या तुकड्यांसारखे आहेत खरे, पण अशी सलग चाल हँडेलच्या कुठल्याही रचनेत नाही. तरी अजून पोस्टरवर हँडेल छापतात.

गुड किंग वेन्सेस्लास मुलांना आवडतं म्हणून थोडं त्याच्याबद्दल. माणूस खरा, पण राजा नव्हता, बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक भागाचा ड्यूक, दहाव्या शतकातला, आणि त्याच्या भावाच्या, बोलेस्लावच्या माणसांनी त्याला चर्चच्या दारात मारलं. बर्फात लाकडं घेऊन गरिबाकडे जाण्याचा प्रसंग आहे तसा जुन्या चरित्रांत नाही, त्यांत तो गुपचूप दानधर्म करायचा एवढं येतं, प्रसंग १८५३ मधे जॉन मेसन नीलने रंगवला. नील हा ईस्ट ग्रिनस्टेडमधल्या गरीब म्हाताऱ्यांच्या आश्रमाचा प्रमुख होता, हे कळलं की गाणं त्याने का लिहिलं ते वेगळं सांगावं लागत नाही. चाल मात्र १५८२ च्या पिये कान्तिओनेस नावाच्या, फिनलंडच्या शाळांमधल्या लॅटिन गाण्यांच्या संग्रहातली, आणि तिथले मूळ शब्द चक्क वसंत ऋतूचे, फुलं उमलली वगैरे. ब्रिटिश राजदूताने स्टॉकहोमहून ते दुर्मिळ पुस्तक नीलला आणून दिलं नसतं तर हे गाणंच झालं नसतं. १९२८ मधे ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध कॅरोलसंग्रहाच्या संपादकांनी लिहून ठेवलं की नीलची कविता फारशी बरी नाही, हळूहळू मागे पडेल अशी आशा. पडली नाही. मला स्वतःला संपादकांचं पटतं, पण आमच्या बालक्वायरपुढे माझं काय चालतंय?

हे जुने कॅरोल आपल्यापर्यंत पोचले कसे, ती मधली साखळी थोडक्यात. इंग्लंडमधे प्युरिटनांचं, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांचं राज्य आलं तेव्हा १६४७ मधे पार्लमेंटने नाताळचा सणच रद्द केला, कँटरबरीत त्यावरून दंगा झाला. १६६० मधे राजा परतला, सण परतला, पण चर्चमधे बराच काळ कॅरोल जवळजवळ नव्हतेच. १७०० मधे मंजूर झालेलं मेंढपाळांचं एक गाणं, व्हाइल शेफर्ड्स वॉच्ड, तेवढं अधिकृत. बाकीचे कॅरोल खेड्यात, रस्त्यावर आणि चक्क दारूच्या गुत्त्यांमधे जगले. शेफील्डच्या बाजूच्या गावांमधे आजही नोव्हेंबरपासून लोक पबमधे जमून आपापले गावचे कॅरोल गातात, एकाच मेंढपाळांच्या गाण्याला त्यांच्याकडे ढीगभर चाली. मग डेव्हिस गिल्बर्टने १८२२ मधे आणि विल्यम सँडीजने १८३३ मधे ही गाणी गोळा करून छापली, नाहीतर फर्स्ट नोएल आपल्यापर्यंत आलंच नसतं. गिल्बर्ट पुढे रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला, म्हणजे विज्ञानवाल्यांचा मुख्य, आणि त्याला ही गाणी आता संपत चालली असं वाटत होतं.

बायबलमधली नऊ वाचनं आणि कॅरोल हा प्रकार आपल्याकडेही बऱ्याच चर्चमधे करतात, त्याची सुरुवात कॉर्नवॉलमधल्या ट्रूरोला. १८८० मधे तिथलं कॅथीड्रल बांधून व्हायचं होतं, उपासना लाकडी शेडमधे चाललेली, आणि बिशप एडवर्ड बेन्सनने २४ डिसेंबरला रात्री १० वाजता ही उपासना ठेवली, पहिलं वाचन क्वायरमधल्या पोराचं आणि शेवटचं बिशपचं. लोक सांगतात की पुरुषांना नाताळच्या आदल्या रात्री पबमधून बाहेर काढायला ही युक्ती होती. असेलही, रात्री दहाची वेळ बघता पटतं, पण 'असं म्हणतात' लावूनच सांगा. १९१८ मधे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधे एरिक मिल्नर-व्हाइट यांनी ते आणलं, हे महायुद्धात सैन्याबरोबर पाद्री म्हणून होते आणि युद्ध संपून जेमतेम दीड महिना झालेला. १९२८ पासून बीबीसी ते रेडिओवर देते, १९३० चं एक वर्ष सोडून. सुरुवातीला एकटा मुलगा वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटीचं पहिलं कडवं साथीशिवाय गातो, आणि कोण गाणार हे त्याला अगदी ऐनवेळी कळतं, म्हणजे रात्रभर धास्ती नको. ही युक्ती आम्हीही वापरतो. दोन-तीन मुलांची तयारी करायची, नाव दारात उभं असताना सांगायचं.

आणखी दोन गाणी सुचवतो.

पहिलं कॉव्हेंट्री कॅरोल. सोळाव्या शतकात कॉव्हेंट्री गावात कापड कातरणाऱ्यांचा आणि शिंप्यांचा संघ रस्त्यावर ख्रिस्तजन्माचं नाटक करायचा, त्यातलं हे गाणं. अंगाई आहे, पण गाणाऱ्या बेथलेहेमच्या आया आहेत आणि हेरोद राजाचे शिपाई त्यांची बाळं मारायला निघालेत. बाळाला गप्प करायचंय कारण आवाज झाला तर सापडेल. मूळ हस्तलिखित १८७९ मधे बर्मिंगहॅमच्या लायब्ररीच्या आगीत जळालं, त्याआधी थॉमस शार्प नावाच्या स्थानिक अभ्यासकाने ते छापून ठेवलं होतं म्हणून वाचलं, आणि त्याने केलेल्या नकलेत काही सूर चुकलेत की ते तसेच होते यावर अजून वाद आहे. पुढे १४ नोव्हेंबर १९४० ला जर्मन बॉम्बनी कॉव्हेंट्रीचं कॅथीड्रल उद्ध्वस्त झालं आणि त्याच नाताळला बीबीसीच्या प्रसारणात त्या पडक्या भिंतींमधून हे गाणं गायलं गेलं. सगळं गाणं मायनरमधे, म्हणजे उदास छटेत, आणि शेवट अचानक मेजर, म्हणजे उजळ. गाणाऱ्यांना आधी गोष्ट सांगा, मग शिकवा. आमच्या खालच्या आवाजातल्या आल्टोंनी गोष्ट ऐकल्यावर आपणहून आवाज कमी केला, मला हात करावा लागला नाही.

दुसरं कॅरोल ऑफ द बेल्स. हे युक्रेनचं, मायकोला लिओंतोविचचं, १९१६ मधे कीव्हला पहिल्यांदा गायलं गेलं. मूळ शब्दांत घंटा नाहीत, नाताळही नाही. पाकोळी उडत घरी येते आणि मालकाला सांगते, बाहेर ये, बघ तुझ्या मेंढ्यांना कोकरं झालीत, यंदा भरभराट आहे. नव्या वर्षाचं दारोदार गायचं गाणं. चार सुरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा, बाकी सगळी करामत भोवतीच्या आवाजांची. स्वतंत्र झालेल्या युक्रेनने जगाला आपली ओळख व्हावी म्हणून एक क्वायर परदेशी दौऱ्यावर पाठवला, त्यांनी ५ ऑक्टोबर १९२२ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधे हे गायलं. पण लिओंतोविच तेव्हा हयात नव्हता. २३ जानेवारी १९२१ ला वडिलांच्या घरी, रात्री आसरा मागून राहिलेल्या सोव्हिएट गुप्त पोलिसांच्या माणसाने त्याला गोळी घातली. १९३६ मधे पीटर विल्हाउस्कीने इंग्रजी शब्द लिहिले, त्याला त्या चार सुरांत घंटा ऐकू आल्या, आणि तेव्हापासून ते नाताळचं झालं. हे निवेदन मी गाण्याच्या आधी न देता नंतर देतो, आधी दिलं तर लोक टाळ्या वाजवायला बिचकतात.

आदेस्ते फिदेलिस, म्हणजे ओ कम ऑल यी फेथफुल, आमच्याकडच्या जुन्या लोकांना अजून लॅटिनमधे पाठ आहे आणि पोर्तुगीज काळामुळे ते पोर्तुगालच्या राजाने लिहिलं असं इथे बरेच जण सांगतात. चौथ्या जॉन राजाचं नाव घेतात. ते धरू नका. सगळ्यात जुन्या प्रती सापडतात त्या जॉन फ्रान्सिस वेड नावाच्या इंग्रज कॅथलिकाच्या हातच्या, अठराव्या शतकाच्या मध्यातल्या, जो फ्रान्समधे दुएला राहून सुंदर अक्षरात चर्चसंगीताच्या नकला करून पोट भरायचा. लंडनमधे पोर्तुगीज वकिलातीच्या चॅपेलमधे ते गात, म्हणून पोर्तुगीज स्तोत्र असं नाव पडलं, आणि नावावरून राजा चिकटला. अलीकडे बेनेट झॉन या संगीत अभ्यासकाने असंही मांडलंय की त्यात इंग्लंडच्या गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट घराण्यातल्या राजपुत्र चार्ल्सच्या जन्माचा छुपा गौरव होता. वेडच्या हस्तलिखितांवर स्टुअर्ट घराण्याच्या खुणा आहेत म्हणून हा तर्क हवेतला नाही, तरी तर्क म्हणूनच सांगा. गुप्त संदेशाची गोष्ट सांगायची हौस असेलच तर ट्वेल्व्ह डेज सोडून ही घ्या.

निवेदनाला गाण्यामागे पाऊण मिनिटाच्या वर घेऊ नका, लोक गाणी ऐकायला आलेले असतात. एका गाण्याला एकच गोष्ट, आणि साल फक्त एक. सायलेंट नाइटला १८१८ सांगितलं तर १८५४ आणि १९९५ खिशात ठेवा, नंतर चहाला कोणी विचारलं तर काढा, विचारतातच.

आणि शेवटी तो जिंगल बेल्सचा प्रश्न, चर्चमधे गावं की नाही. जेम्स पियरपाँटने १८५७ मधे ते छापलं, नाताळचा त्यात एक शब्द नाही, बर्फावरची घोड्याची गाडी, शर्यत आणि शेजारी बसवलेली पोरगी एवढंच आहे. पहिल्यांदा गायलं गेलं ते त्याच वर्षी बॉस्टनमधल्या एका थिएटरात, जिथे गोरे नट तोंडाला काळं फासून नकला करायचे त्या खेळात. मॅसॅच्युसेट्समधलं मेडफर्ड आणि जॉर्जियातलं सव्हाना, दोन्ही गावांत 'हे इथेच लिहिलं' अशी पाटी आहे आणि भांडण अजून मिटलेलं नाही. मिस्सेत नको. नंतर हॉलमधे केक कापताना मुलांना गाऊ द्या, त्यांना अडवून काही उपयोग नसतो तसाही.